एकाच जातीची दोन वाद्ये

जुगलबंदी हा शब्द उच्चारताच आपल्या मनात बहुधा दोन भिन्न प्रकृतींचे नाद जागे होतात: बिस्मिल्ला खाँची सनई आणि वि. गो. जोगांचे व्हायोलिन, किंवा रविशंकरांची सतार आणि अली अकबर खाँचा सरोद. अशा वादनात श्रोत्याची एक मोठी सोय झालेली असते. कोणता स्वर कोणाचा, हे त्याला शोधावे लागत नाही, कारण फुंकीचा नाद आणि गजाचा नाद यांच्या सरहद्दी वाद्यांच्या घडणीनेच आखून दिलेल्या असतात. परंतु दोघांच्याही हाती एकच वाद्य असेल, तारांची संख्या, त्या जुळवण्याची रीत, आकारमान आणि नाद ही सारी समान असतील, तर वेगळेपणाचा संपूर्ण भार वादकाच्या बुद्धीवर, त्याच्या हाताच्या वजनावर आणि स्वरवाक्य कोठे थांबवावे याविषयीच्या त्याच्या विवेकावर येऊन पडतो. मला वाटते, समान वाद्यांचे युगुलवादन ही सहवादनाची सर्वांत कठोर परीक्षा आहे आणि म्हणूनच ती सर्वांत फलदायी आहे.

या विचाराला माझ्या दृष्टीने बळकट आधार देणारी ध्वनिमुद्रिका म्हणजे माइक मार्शल आणि क्रिस थीली या दोन अमेरिकन मँडोलिनवादकांची, 2003 साली शुगर हिल या कंपनीने प्रसिद्ध केलेली ‘इंटू द कॉल्ड्रन’. मार्शलचा जन्म 1957 चा, थीलीचा 1981 चा. म्हणजे दोघांमध्ये एका पिढीचे अंतर. मार्शल हा डेव्हिड ग्रिसमनच्या पंचकात वाजवून तयार झालेला, तर थीली हा ‘निकेल क्रीक’ या तरुण त्रयीमुळे बालवयापासून लोकांसमोर आलेला. तथापि या संग्रहात वडीलकीचा मान घेणारा आणि तो देणारा असा भेद कोठेही जाणवत नाही.

मँडोलिनचे सामर्थ्य समजण्यापूर्वी त्याचे दारिद्र्य समजून घेतले पाहिजे. इटलीतील नेपल्स शहरात अठराव्या शतकात आकारास आलेल्या या वाद्याला तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील दोन्ही तारा एकाच स्वरात लावलेल्या असतात आणि या चार जोड्या व्हायोलिनप्रमाणेच जुळवलेल्या असतात. व्हायोलिनला मात्र गज आहे, त्यामुळे त्याचा स्वर हवा तितका काळ टिकतो. मँडोलिनचा स्वर नखीच्या आघातासरशी जन्मतो आणि जन्मताच ओसरू लागतो. तो लांबवायचा तर नखी अविरत मागेपुढे फिरवून त्याचा आभास निर्माण करावा लागतो. आपल्या संगीताचा प्राण जी मींड आणि जी गमक, ती तर या ताणलेल्या जोडतारांवर फारच दुष्कर. म्हणूनच आंध्रात जन्मलेल्या यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी जोडतारांचा त्याग केला, एकेरी तारा बसवल्या आणि विजेचे साहाय्य घेऊन वाद्यालाच नवे शरीर दिले. मार्शल आणि थीली यांनी उलट मार्ग पत्करला: वाद्याची मूळ घडण तशीच राखून, ओसरणाऱ्या त्या स्वरालाच रचनेचे मूलतत्त्व केले. एकाचा स्वर विरतो न विरतो तोच दुसऱ्याचा उमटतो, आणि दोन अल्पायुषी नादांतून एक अखंड प्रवाह सिद्ध होतो.

याहून सूक्ष्म गोष्ट त्यांच्या साथीची आहे. केंटकीच्या बिल मन्रो याने घडवलेल्या ब्लूग्रास संगीतात मँडोलिनवादक मात्रेच्या उत्तरार्धावर स्वरसमूहाचा आघात करून डाव्या हाताची बोटे लगेच सैल सोडतो, त्यामुळे नाद खुडला जातो आणि वाद्य क्षणभर तालवाद्य होते. या ध्वनिमुद्रिकेत वेगळा ठेका नाही, ढोल नाही. लयीचा सारा अंमल याच खुडलेल्या आघाताकडे सोपवलेला आहे, आणि तो अंमल एका हातून दुसऱ्या हाती इतक्या सहजतेने जातो, की कित्येकदा कोण साथ करीत होता आणि कोण गात होता हे श्रोत्याला मागाहून कळते. अत्यंत द्रुत गतीने वाजवू शकणारा वादक दुसऱ्यासाठी केवळ एक आघात, तोही नेमक्या ठिकाणी, देत राहतो, या संयमात मला त्याच्या तानांपेक्षा अधिक पांडित्य दिसते.

निरनिराळ्या शैलींचा संग्रह करण्यात एक धोका असतो. वादक बहुरूप्यासारखा एकेक सोंग उतरवून दुसरे चढवू लागला, की श्रोत्याच्या पदरी केवळ विस्मय उरतो. येथे ‘फिशर्स हॉर्नपाइप’ ही जुनी नृत्यधून आहे. चार्ली पार्करने 1947 साली ध्वनिमुद्रित केलेली ‘स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल’ ही जाझरचना आहे. ब्राझीलच्या गारोतोची ‘देझ्व्हाइराडा’ आहे. आणि बाखच्या 1741 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ मधील एक रूपही आहे. मूळ मुलूख इतके दूरचे असूनही हा संग्रह एकसंध वाटतो, याचे कारण असे, की प्रत्येक शैलीला वादकांनी एकच प्रश्न विचारला आहे: दोन समान आवाजांना येथे बोलण्यासारखे काय आहे? पार्करची वाक्ये फुंकवाद्याच्या श्वासाने मोजलेली असतात. ती तारेवर आणताना श्वास कोठे घ्यायचा याचा निर्णय नव्याने करावा लागतो, आणि येथे तो निर्णय दुसऱ्या वादकाच्या मौनातून झालेला ऐकू येतो. बाखची प्रतिभा तर मुळातच स्वतंत्र स्वरपंक्तींना एकाच नियमाखाली नांदवणारी. तिला या युगुलात घर मिळणे स्वाभाविक होते. व्हिवाल्डीनेही दोन मँडोलिनांसाठी जी मेजरमध्ये एक कन्चेर्तो लिहिला आहे, हे येथे आवर्जून आठवावे.

काही द्रुत रचनांत वेग अर्थाच्या पुढे धावतो, हे मान्य केले पाहिजे. तेथे कान थकतो. परंतु ज्या वेळी दोघे गती आवरून एकमेकांचे ऐकतात, त्या वेळी कौशल्य ही वैयक्तिक मालमत्ता राहत नाही. ती दोघांच्या सामाईक मालकीची होते.

महाराष्ट्राला हे वाद्य परके नाही. मध्य भारतातील सीतामऊ येथे जन्मलेल्या सज्जाद हुसेन यांनी मुंबईत राहून या वाद्यावर हिंदुस्थानी राग समर्थपणे वाजवले. पुढे संगीतकार म्हणून नावारूपास आलेले लक्ष्मीकांत कुडाळकर हे आरंभी मँडोलिनवादकच होते. चित्रपटांच्या वाद्यवृंदात मँडोलिनने असंख्य गीतांच्या मधल्या जागा भरल्या, पण त्या दोनचार ओळींपलीकडे त्याला स्वतःचे बोलणे क्वचितच लाभले. आज जे मराठी वादक हे वाद्य हाती घेतात त्यांपैकी दोघांनी एकत्र बसावे, राग, नाट्यपद, लावणीची चाल आणि गोव्याचा मांडो यांतून निवड करावी, आणि केवळ दोन मँडोलिनांची एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका रसिकांपुढे ठेवावी, अशी माझी त्यांना मनःपूर्वक विनंती आहे.