काच कोणाची?

गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून मरळीची सहा पिल्लं आणली. बंगालीत हा शोल. महिन्याभरात एक दुपटीनं वाढलं आणि सगळ्यांत लहान दिसेनासं झालं. “दीदी, एका मापाचीच एकत्र ठेवायची,” विक्रेता म्हणाला. सिक्लिड पाळणारे उलट करतात. टाकीत मुद्दाम गर्दी करतात, म्हणजे मार एकट्यावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. याला शांतता म्हणायचं? अनुवादात ‘भक्षक’ लिहिलं की गुन्हा त्या शब्दातच येऊन बसतो. पण तळ्यात लहानग्याला लपायला पाणवनस्पती असत्या. इथली काच माझी, रोज एकाच कोपऱ्यात खाणं टाकणारा हातही माझाच. थोरल्याला आता वेगळ्या टाकीत ठेवलंय. तिथे ते स्वतःच्याच प्रतिबिंबावर धावून जातं.