नदीपलीकडचा कोपरा

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा तिला मिळते आणि तिथून पुढे तिचे पाणी वाढते. दोन्ही काठांना ऊस आहे, आणि सोयरिकी तर इतक्या की अलीकडच्या घरोघरची एखादी लेक पलीकडे नांदते. तरीही नदी ती नदीच. अलीकडचा माणूस बाजाराला शिरूरला जातो; म्हातारी माणसे अजून त्याला घोडनदीच म्हणतात. पलीकडच्याचा ओढा दौंड जंक्शनकडे. अलीकडच्या पोरांची नजर रांजणगावच्या एमआयडीसीवर, पलीकडच्यांची रेल्वेवर आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीवर.

या काठावरचे एक गाव आणि त्या काठावरचे एक गाव यांच्यातली कबड्डीची ठसन दोन पिढ्यांची. पूर्वी पाणी ओसरले की पात्रातल्या वाळूवर हुतूतू रंगायचा. पुढे वाळू ट्रक भरभरून शहराकडे गेली, पात्रात खड्डे उरले आणि खेळ शाळेच्या मैदानावर आला. याचे मला फार वाईट वाटते. त्या वाळूवर कितीही आपटले तरी पोर हसत उठायचे. ठसन मात्र वाळूबरोबर गेली नाही. चैत्रातल्या यात्रेला अलीकडच्या गावात सामने भरत. संघ कुठकुठून येत, पण अंतिम सामना बहुतेक वेळा याच दोघांचा. त्या दिवशी पलीकडे दिलेल्या लेकी माहेरी येत, त्या मैदानाच्या कडेला गप्प बसत. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला दीर. टाळी कुणासाठी वाजवायची?

अलीकडचा संघ आबांनी घडवला आणि पलीकडचा अण्णांनी. अण्णा दौंडला रेल्वेत होते. तरुणपणी दोघे समोरासमोर खेळले होते. आबा चढाईचे, अण्णा पकडीचे. अण्णा डाव्या कोपऱ्यात उभे राहत आणि चढाई करणाऱ्याचा घोटा असा धरत की तो मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे पालथा पडे. पुढे दोघांनी आपापल्या गावातल्या पोरांना तेच शिकवले. त्यामुळे एका गावाची चढाई आणि दुसऱ्या गावाची पकड वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून धारदार होत गेली.

मग एका पावसाळ्यात अण्णा गेले.

पलीकडच्या पोरांना कुणी वाली उरला नाही. दोघेतिघे भरतीत लागले, बाकीचे सायंकाळी पारावर मोबाइल बघत बसू लागले. पुढच्या यात्रेत अलीकडच्यांनी त्यांना दोन लोण देऊन हरवले, त्याच्या पुढच्या यात्रेत तीन. गुलाल उधळला, फलक लागले. आबांच्या धाकट्या मुलाचे नाव चढाईपटू म्हणून गावोगाव झाले. चार यात्रा अशाच गेल्या.

पण याच चार वर्षांत एक गोष्ट घडत होती आणि गुलालामुळे ती कुणाला दिसत नव्हती. तालुक्याबाहेर पाय ठेवला की हाच संघ पहिल्या-दुसऱ्या फेरीत गारद व्हायचा. बारामतीला तेच, पुण्यातल्या स्पर्धेत तेच. धाकटा पहिल्या पाच मिनिटांत चमकायचा आणि नंतर प्रत्येक चढाईत सापडायचा. परत येताना जीपमध्ये पोरे पंचांना शिव्या द्यायची.

आबांना कारण ठाऊक होते. हात मारून परत वळताना धाकट्याचा मागचा पाय क्षणभर रेंगाळायचा. ते त्याला पुन्हा पुन्हा सांगत. तो म्हणायचा, "आबा, यात्रेत सोळा गुण काढले, एकदाही पकडलं नाही मला कुणी." आबा गप्प होत. पकडणारा उरलाच नव्हता, तर सापडणार कसा? अण्णांचा कोपरा असता, तर त्या पायाने पहिल्याच वर्षी धडा घेतला असता.

एका मंगळवारी संध्याकाळी आबांनी मोटारसायकल काढली आणि पूल ओलांडला. पारावर बसलेल्या पोरांना म्हणाले, "उठा. अण्णांचं मैदान पडून राहिलंय, आधी ते झाडू." पोरांना वाटले, म्हातारा चेष्टा करायला आलाय. आबांनी स्वतःच खराटा घेतला तेव्हा एकेक जण उठला. त्या दिवसापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते पलीकडे जाऊ लागले. त्यांनी पोरांना साखळी धरायला शिकवली. कव्हरने कधी पुढे यायचे, कोपऱ्याने कधी वाट पाहायची, तेही शिकवले. डाव्या कोपऱ्यात त्यांनी एक काटकुळा, अबोल मुलगा उभा केला. त्याला घोट्याची पकड शिकवताना ते सारखे सांगत, "हे माझं नाही रे, तुमच्या अण्णांचं आहे. मी नुसतं पोचवतोय."

अशी बातमी नदी ओलांडायला वेळ लावत नाही. अलीकडे मारुतीच्या देवळात बैठक बसली. कुणी म्हणाले, घरभेदी. कुणी म्हणाले, म्हाताऱ्याला पैसे चारले असतील. हे बोलणे ऐकूनही धाकटा मान खाली घालून बसून राहिला. आबांसाठी तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा घाव होता.

आबांची नात शाळेच्या संघातून खेळायची. बायकांच्या बाजूने तीच उभी राहिली. "प्रो कबड्डीत यू मुंबाचा पहिला कप्तान कोण? अनुप कुमार. त्याच्याच कप्तानीत मुंबईनं २०१५ ला करंडक जिंकला. आणि २०१९ ला तो प्रशिक्षक कुणाचा झाला? पुणेरी पलटणचा! त्याला कुणी घरभेदी म्हटलं का?"

पोरीचे खरे होते. महाराष्ट्रातले हे दोन व्यावसायिक संघ समोरासमोर आले की आपल्याकडे घराघरांत दोन तट पडतात. पण ही चुरस नेहमीच अशी नव्हती. २०१४ साली लीग सुरू झाली तेव्हा मुंबईने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली, आणि पलटण पहिल्या दोन हंगामांत तळाला होती. तेव्हा पुणे-मुंबई सामन्यात रंग असा काय असणार? पलटण उभी राहत गेली तसा तो रंग चढला. मुंबईचा कप्तान राहिलेला इराणचा फजल अत्राचली २०२२ च्या हंगामात पलटणचा कप्तान झाला, आणि त्या वर्षी पलटण पहिल्यांदा अंतिम फेरीत पोचली. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून तिने करंडक घेतला, तेव्हा कप्तान होता शेजारच्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार.

"ते पैशाचं काम आहे पोरी," एक जण म्हणाला. "आपलं गाव आहे."

"बरं, मग देशाचं सांगते," ती म्हणाली. "२०१८ च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला हरवलं, २७-२४. त्यांना शिकवणाऱ्या बाई कुठल्या? आपल्या नाशिकच्या, शैलजा जैन."

यावर देवळात कुजबुज झाली. काहींना हे आवडले नाही आणि त्यांचे मी समजू शकतो. आपल्याच माणसाने घडवलेल्या हातांनी आपले सुवर्ण जावे, हे सोसणे सोपे नाही. त्याच स्पर्धेत पुरुषांचाही संघ उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला. १९९० पासून ते सुवर्ण दुसऱ्या कुणाकडे गेलेच नव्हते. पण त्या पराभवानंतर भारतीय कबड्डी आळसावली नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णपदके परत आली, आणि पुरुषांचा अंतिम सामना इराणशीच होता.

आबा शेवटी एवढेच म्हणाले, "मी त्यांना पकड शिकवतोय. आपल्या पोरांच्या चढाईतलं काय चुकतं, ते मी तिकडं कधी बोललो नाही, बोलणारही नाही. ते आपल्या पोरांना मी इथं सांगतो. ऐकत नाहीत, तो भाग वेगळा."

बैठक कसलाही ठराव न होता उठली. आबांचे जाणे सुरू राहिले. गावातल्या काही घरांनी त्यांना चहाला बोलावणे सोडले.

त्या चैत्रातला अंतिम सामना ज्यांनी पाहिला ते तो विसरणार नाहीत. मध्यंतराला अलीकडचे पाच गुणांनी पुढे. मग पलीकडच्यांनी एकेक गडी टिपत अंतर कापत आणले. शेवटचे अर्धे मिनिट उरले तेव्हा गुणफलक २४-२३, अलीकडचे एका गुणाने पुढे. चढाई धाकट्याची, आणि तीही तिसरी. आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यामुळे या वेळी गुण घेणे भाग. नुसता परत आला तर तोच बाद, एक गुण समोरच्यांना आणि बरोबरी. समोर पलीकडचे तीनच गडी. तिघांनी पकडले तर ती अव्वल पकड, म्हणजे दोन गुण.

धाकटा आत घुसला. त्याने उजवीकडे हूल दिली, डावीकडे हात मारला, तो थोडक्यात हुकला आणि तो परत वळला. मागचा पाय क्षणभर रेंगाळला. काटकुळ्या मुलाने तो घोटा धरला आणि सोडला नाही. उरलेल्या दोघांनी वरून झाकले. मध्यरेषा वीतभर राहिली.

२५-२४.

मैदानावर दगड येणार असे वाटत होते. जमाव आबांकडे वळला. "आपल्या पोराचा पाय विकला!" असे कुणीतरी ओरडले. तेव्हा तो अबोल मुलगा, अंगाची माती न झटकता, ध्वनिवर्धकापाशी गेला. म्हणाला, "आबांनी मला कुणाचा पाय सांगितला नाही. चार यात्रा मी कडेला बसून मार खाल्लेला संघ बघितलाय. तो पाय मलाच दिसला. पुण्यातल्या संघांनाही दिसतो, म्हणून तर तिथं सापडतो तो. दिसत नाही फक्त त्याच्या गावाला."

जमाव पांगला. तो कुणाच्या समजुतीने नव्हे, लाजेने पांगला असे मला वाटते.

धाकटा पुढे महिनाभर बापाशी बोलला नाही. जेवायला बसायचा, उठून जायचा. रात्री अंगणात एकटाच वळण्याचा सराव करायचा, पण रिकाम्या अंगणात पाय रेंगाळला काय आणि न रेंगाळला काय, कळणार कसे? शेवटी एका शुक्रवारी आबा मोटारसायकल काढत असताना तो मागे येऊन बसला. आबांनी काही विचारले नाही.

पलीकडच्या मैदानावर तो थेट त्या मुलासमोर जाऊन उभा राहिला. "मला धर," म्हणाला. "जितक्या वेळा पाय राहील, तितक्या वेळा धर."

पहिल्या संध्याकाळी तो इतक्या वेळा पडला की दोन्ही गुडघे सोलवटले. पावसाळा सरेपर्यंत तो निम्म्या वेळा सुटू लागला. मग त्या मुलाने पकडीची वेळ बदलली आणि धाकटा पुन्हा सापडू लागला. मग धाकट्याने वळण्याची पद्धत बदलली. मैदानाच्या कडेला उभे राहून आबा एखादाच शब्द टाकत. गावातून आणखी पोरे येऊ लागली. ज्यांनी आबांना चहाला बोलावणे सोडले होते, त्यांचीही मुले त्यांत होती.

पुढच्या हिवाळ्यात बारामतीच्या स्पर्धेत दोन्ही संघ उपांत्य फेरीपर्यंत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघेही, आणि तेही एकाच स्पर्धेत. एक हरला तेव्हा दुसऱ्याचा सामना व्हायचा होता. हरलेले घरी निघून गेले नाहीत. कडेला बसून समोरच्या संघाचे कोपरे कसे हलतात ते टिपून, मध्यंतरात नदीपलीकडच्यांना सांगत राहिले.

आता सराव मंगळवारी आणि शुक्रवारी दौंडच्या काठावर असतो, सोमवारी आणि गुरुवारी शिरूरच्या काठावर. आबांचे गुडघे थकलेत, म्हणून पकड शिकवायला तो काटकुळा मुलगा अलीकडे येतो आणि चढाई शिकवायला धाकटा पलीकडे जातो. यात्रेचा अंतिम सामना अजून या दोन गावांतच होतो, आणि त्या दिवशी कुणी कुणाला एका गुणाचीही सूट देत नाही.