अंतरपट आणि न्याय

विवाहवेदीवर वधूवरांच्या मध्ये धरलेला अंतरपट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. मंगलाष्टके संपेपर्यंत एकाने दुसऱ्याचे मुख पाहावयाचे नाही, आणि मुहूर्ताचा क्षण येताच तो पट दूर करावयाचा, अशी आपली रीत. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदांतही असाच एक पट धरण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील बॉस्टनच्या वाद्यवृंदाने १९५२ साली निवडपरीक्षेच्या वेळी उमेदवार व परीक्षक ह्यांच्यामध्ये पडदा लावला, आणि पुढे विसा-तीस वर्षांत ही प्रथा त्या देशात बहुतेक ठिकाणी रूढ झाली. उमेदवाराचे नाव पुकारावयाचे नाही, केवळ क्रमांक सांगावयाचा. रंगमंचावर गालिचा अंथरावयाचा, कारण जोड्यांच्या टाचांच्या आवाजावरूनही येणारा पुरुष की स्त्री हे ओळखू येते! ज्या कलेचा सारा व्यवहार कानाशी, तिच्याच पारख्यांना आपले कान आपल्या डोळ्यांपासून राखावे लागावेत, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

कोणाही संगीतज्ञास विचारा. तो सांगेल की सूर निर्मळ असला म्हणजे झाले, गाणारा-वाजविणारा कोण ह्याच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. हे सांगताना तो खोटे बोलत असतो असे नव्हे. तथापि व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा १८४२ साली स्थापन झालेला जगद्विख्यात वाद्यवृंद १९९७ पर्यंत एकाही स्त्रीस सभासद करून घेत नव्हता. आमच्या नादाचे वैशिष्ट्य वादकांच्या एकजिनसीपणात आहे, अशी त्याच्या कैवाऱ्यांची भूमिका होती. गंमत अशी की त्या वाद्यवृंदात हार्प हे तंतुवाद्य अन्ना लेल्केस नावाची एक स्त्री सव्वीस वर्षे वाजवीत होती, आणि त्या नादास काही बाध आल्याचे ऐकिवात नाही. तिचे वादन हवे होते, पण सभासदांच्या यादीत तिचे नाव नको होते. अखेर सरकारचे दडपण आले, अमेरिकेच्या दौऱ्यात निषेधाची चिन्हे दिसू लागली, आणि १९९७ च्या फेब्रुवारीत तिला सभासदत्व देण्याचा ठराव झाला. बर्लिनच्या वाद्यवृंदासही पहिली स्त्री घेण्यास १८८२ पासून १९८२ पर्यंत बरोबर शंभर वर्षे लागली.

व्हिएन्नावाल्यांना नावे ठेवणे आपणांस सोपे जाईल. परंतु गोमंतकातील देवस्थानांच्या सभामंडपांतून पिढ्यानपिढ्या ज्या स्त्रियांनी देवापुढे गायन-नर्तनाची सेवा केली, त्या कलावंत घराण्यांना आपल्या समाजाने कोणती वागणूक दिली? उत्सवात त्यांचा सूर हवा, आणि उत्सव संपला की पंक्तीत त्यांची जागा निराळी! केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर ह्यांच्या नावांचा अभिमान आज आपण सारेच मिरवतो. हा अभिमान पूर्वीच दाखविला असता तर बरे झाले असते. तेव्हा ह्या विषयात आपण न्यायासनावर बसून बोलत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता पडद्याकडे वळू. म्यूनिकच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदात १९८० साली ट्राँबोन ह्या पितळी वाद्यासाठी पडद्याआडून परीक्षा झाली. ॲबी कोनंट ह्या अमेरिकन वादिकेस आलेल्या निमंत्रणपत्रावर चुकून पुरुषाचे संबोधन लिहिलेले होते. तेहतीस उमेदवारांतून तिची निवड झाली. पडद्यामागून बाहेर आली ती स्त्री, हे पाहून परीक्षकमंडळी चकित झाली. येथवरची कथा पडद्याच्या गौरवाची म्हणून सर्वत्र सांगितली जाते. आम्हांस तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. पुढे सेर्जिउ चेलिबिडाके ह्या थोर संचालकांच्या मर्जीने तिला प्रमुख वादकाच्या जागेवरून दुय्यम जागेवर उतरविण्यात आले. एवढा दम तिच्या अंगी नाही, असा आक्षेप निघाला. तेव्हा फुफ्फुसांची वैद्यकीय तपासणी करवून घेऊन आपला श्वास पुरेसा आहे हे तिला न्यायालयापुढे सिद्ध करावे लागले! जागेसाठी आणि मग समान वेतनासाठी चाललेला हा झगडा १९९३ पर्यंत टिकला. पडदा होता तो एका दिवसापुरता. त्यापुढील तेरा वर्षे तिला माणसांच्या नजरेसमोरच काढावी लागली.

वर्णभेदाचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये सॅनफर्ड ॲलन हा पहिला कृष्णवर्णीय कायम वादक १९६२ साली आला. १९६९ साली आर्थर डेव्हिस व अर्ल मॅडिसन ह्या दोघा कृष्णवर्णीय वादकांनी त्याच संस्थेविरुद्ध शहराच्या मानवाधिकार आयोगाकडे तक्रार नेली. आम्हांस पडद्यामागे बसवा आणि मग कोण श्रेष्ठ ते ठरवा, अशी त्यांची मागणी होती. आणि २०२० साली त्याच शहरातील एका नामांकित संगीतसमीक्षकाने लिहिले की आता हा पडदा काढून टाका, त्याच्यामुळेच कृष्णवर्णीयांची संख्या वाढत नाही! एकाच पक्षाचे हितचिंतक पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच पडद्याविषयी उलट बोलतात, हे कसे?

आकडे पाहिले तर उलगडा होतो. अमेरिकेतील पाच मोठ्या वाद्यवृंदांत स्त्रियांचे प्रमाण १९७० साली शेकडा पाचांहून कमी होते, ते १९९७ पर्यंत सुमारे पंचवीसवर गेले. (ह्याचे सगळे श्रेय पडद्यास देणे बरोबर नाही, काळही बदलला होता.) २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या त्या वाद्यवृंदात स्त्रियांची संख्या पुरुषांहून एकाने अधिक झाली. परंतु देशभरच्या वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादक २०१४ साली शेकडा दोनदेखील नव्हते. संगीतशाळेपर्यंत पोचलेल्या मुली पुष्कळ होत्या, त्यांना अडवीत होती ती परीक्षकांची नजर; ती झाकताच वाट मोकळी झाली. ज्या मुलाच्या हाती सातव्या-आठव्या वर्षी व्हायोलिनच आले नाही, तो मुळात पडद्यापर्यंत येतच नाही.

ही गोष्ट गोमंतकीयास निराळी समजावून सांगावयास नको. आपल्याकडे चर्चच्या पारोकियल शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविले जाई. म्हणूनच मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि चित्रपटसंगीतात गोव्याचे ख्रिस्ती वादक एवढ्या संख्येने दिसले, आणि माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस ह्यांना १९५८ साली भारतीय रागसंगीत व सिंफनी ह्यांचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा करता आला. त्याच गावच्या देवळाच्या आवारात वाढलेल्या हिंदू मुलाचा कान काही कमी तयार नसे. त्याच्या हाती घुमट-शामेळ आले, व्हायोलिन आले नाही. ह्यात त्या मुलाच्या जातीचा गुण वा दोष तो कोणता?

म्हणून परीक्षेच्या दिवशी पडदा असावा, असेच आमचे मत आहे. तो काढून त्या जागी परीक्षकांचा सद्भाव बसवावा, हे आम्हांस पटत नाही. सद्भाव म्यूनिकलाही सर्वांपाशी होताच. मात्र परीक्षेपूर्वीची दहा वर्षे आणि नंतरची उमेदवारी डोळे उघडे ठेवूनच पाहावी लागतील: कोणत्या वस्तीतील मुलांना वाद्य व गुरू मिळाला नाही, आणि निवडून आलेल्यास पुढे कोणत्या कारणाने खाली बसविले गेले. हे काम खर्चाचे आहे, आणि पडदा मात्र स्वस्तात मिळतो. आमच्या देवस्थानांच्या उत्सवसमित्या यंदाच्या गायनवादनाच्या कार्यक्रमांसाठी कलाकार ठरवावयास बसतील, तेव्हा आपल्या यादीत दरसाल तीच नावे का येतात आणि कोणती कधीच येत नाहीत, हे जुन्या कार्यक्रमपत्रिका पुढ्यात घेऊन एकदा पाहतील काय?