देवी कुठं गेली?

पुस्तकांची मुखपृष्ठं करणं हा माझा व्यवसाय. अधूनमधून डायऱ्या, कॅलेंडरं, लग्नपत्रिका अशी कामंही घेते. घर त्यांच्यावरच जास्त चालतं. काही वर्षांपूर्वी एका जानेवारीत मैत्रिणींबरोबर डहाणूला गेले होते. दोन दिवस, चिकू, समुद्र, असा बेत. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या रिक्षावाल्यानं आतल्या एका पाड्यावर नेलं. तिथं एका घरात नुकतंच लग्न होऊन गेलं होतं आणि भिंतीवर लग्नाचा चौक अजून ताजा होता. गेरूनं सारवलेली कुडाची भिंत, त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेली पांढरी चौकट, चौकटीच्या कडेनं नक्षीच्या ओळीवर ओळी, आणि मधोमध पालघट देवी. घरातल्या मावशींनी बसायला दिलं, कोरा चहा दिला. मी चाळीसेक मिनिटं बसून वहीत चौक उतरवून घेतला. इतकं सुंदर काही मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. येताना गाडीत सारखी ती वही उघडून बघत होते.

पुढच्याच महिन्यात एका परिचितांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका करायचं काम आलं. 'काहीतरी वेगळं, आपल्या मातीतलं' हवं होतं. वही होतीच. चौक घेतला, कडेची नक्षी थोडी सुटसुटीत केली आणि मध्ये देवीच्या जागी नवरा-नवरीची आद्याक्षरं बसवली. सहाशे प्रती छापल्या. हातकागदावर फार देखण्या आल्या. लोकांनी विचारलं, कुठून सुचलं? मी सांगितलं, प्रवासात.

वर्षभरानं पुन्हा त्या बाजूला जाणं झालं तेव्हा मी एक पत्रिका बरोबर घेतली. खरं सांगायचं तर कौतुक होईल अशी अपेक्षा होती. मावशींनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. "आमचा चौक," म्हणाल्या. मग मधोमध बोट ठेवून त्यांनी विचारलं, "देवी कुठं गेली?"

मी म्हटलं, "ती काढली, मावशी."

त्या पुन्हा पत्रिकेवर वाकल्या आणि शोधू लागल्या.

मला कळायला क्षणभर लागला. आपल्या भाषेत चित्रही काढतात आणि काटाही काढतात. मी म्हणत होते, काढून टाकली. त्यांनी ऐकलं, रेखाटली. म्हणून त्या देवीला शोधत होत्या. त्यांच्या स्वरात राग मुळीच नव्हता. बरोबर आलेल्या माणसांतलं एखादं दिसलं नाही की आपण विचारतो, तसा तो प्रश्न होता. मी काहीतरी सारवासारव केली. पण तो प्रश्न मी बरोबर घेऊन आले, आणि वहीतल्या रेखाटनापेक्षा तो जास्त टिकला आहे.

प्रवासात दिसलेल्या कलेतून 'प्रेरणा' घेताना आपण नेमकं काय करत असतो? याची दोन सोपी उत्तरं मिळतात. दोन्ही मी स्वतःला देऊन पाहिली.

पहिलं उत्तर असं: कला सगळ्यांची असते. देवाणघेवाणीशिवाय ती वाढलेलीच नाही. १८८७ साली व्हॅन गॉगनं हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. पावसातला पूल आणि प्लमची बाग. तो जपानला कधीच गेला नाही, पण त्या चित्रांनी त्याची नजर बदलली. १८८९च्या पॅरिसच्या प्रदर्शनात डेब्यूसीनं जावाचं गामेलान ऐकलं आणि त्याच्या कानात काहीतरी कायमचं हललं. हे झालंच नसतं तर जग बरं झालं असतं का? नाही. शिवाय मी पाड्यावरून काही उचलून आणलं नव्हतं. चौक भिंतीवर होता तसाच होता. कोणाचं काहीच कमी झालं नाही, मग चोरी कसली?

दुसरं उत्तर याच्या उलट: आपलं नाही त्याला हात लावू नये. ज्यांची परंपरा त्यांनीच ती चालवावी. बाहेरच्यानं पाहावं, नमस्कार करावा आणि निघावं.

पहिल्या उत्तरानं मावशींचा प्रश्न ऐकूच येत नाही. दुसऱ्यात तो ऐकू येतो, पण त्यातून सुटण्याचा मार्ग म्हणून आपण पाहणंच बंद करतो. आणि दुसऱ्या उत्तरात आणखीही एक अडचण आहे. 'ज्यांची परंपरा' म्हणजे नेमकी कोणाची?

वारल्यांच्या चौकाचंच पाहा. लग्नात तो सुवासिनींनी काढायचा. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. त्या गाण्यांनी देव बोलावले जातात. चित्र आणि गाणं मिळून एक काम पुरं होतं. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. आज 'वारली पेंटिंग' म्हणून जे जगाला माहीत आहे ते मात्र बरंचसं वेगळं आहे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी पाड्यांवर गेले, त्यांनी कागद दिला, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ही चित्रकला विधीबाहेर आली. म्हसे यांनी लग्न नसतानाही चित्रं काढली. मासेमारीची जाळी, वारुळं, गोष्टी, नाच, सगळं काढलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. मात्र बायकांनी भिंतीवर काढायची ही कला कागदावर आल्यावर मोठ्या प्रमाणात पुरुषांचा व्यवसाय झाली. मग परवानगी मागायची तर कोणाकडे? पुरस्कार मिळालेल्या चित्रकाराकडे, सुवासिनींकडे, धवलेरीकडे, की ग्रामपंचायतीकडे?

कायदा इथं थोडाच चालतो. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते आवश्यकच होतं, पण ते जपतं नावाला. कोण आपल्या मालाला 'वारली' म्हणू शकेल एवढं त्यातून ठरतं. त्रिकोणांना, वर्तुळांना, चौकटीला ते हात लावत नाही. स्वामित्वहक्काला लेखक लागतो, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी तो हक्कही संपतो. शेकडो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेल्या चौकाचा लेखक कोण दाखवणार? माझ्या पत्रिकेवर 'वारली' हा शब्दही नव्हता. कायद्याच्या दृष्टीनं मी स्वच्छ होते. नेमकं तेच मला खटकत राहिलं.

उत्तराची पहिली खूण मला माझ्याच घरात सापडली. माझी आजी चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायची. पाळण्यात गौर, बाजूला चंद्र-सूर्य, तुळशीवृंदावन, गाईची पावलं, कमळ, नाग. महिनाभर, रोज. आम्ही पोरं त्यावरून उड्या मारत जायचो आणि आंबेडाळीची वाट बघायचो. मी कलाशाळेत पाच वर्षं काढली, पण चैत्रांगण एकदाही वहीत उतरवलं नाही. ते 'डिझाइन' आहे हे मला कधी वाटलंच नाही, कारण ते आजीचं काम होतं. समजा, कोणी परदेशी पाहुणी आली असती, तिनं आजीची रांगोळी उतरवून घेतली असती आणि पुढच्या वर्षी एका टी-शर्टवर ती छापून आणली असती. पाळणा तसाच, आणि पाळण्यात गौरीच्या ऐवजी कंपनीचं बोधचिन्ह. आजी रागावली नसती. तिनंही एवढंच विचारलं असतं, "अगं, गौर कुठं गेली?"

मग लक्षात आलं की माझी चूक आकार घेण्यात नव्हती. तो आकार काय काम करतो हे विचारायचं मला सुचलंच नाही, ही माझी चूक होती. पाळणा गौरीला बसायला आहे. चौकही देवीला उतरायला आहे. मी घर पाहिलं, घराच्या चौकटीची नक्षी मला आवडली आणि राहणाऱ्याला बाहेर काढून मी ती नक्षी घेऊन आले. प्रवासी बहुतेक वेळा असंच पाहतो. तो दोन दिवसांसाठी येतो, त्याला झालेली वस्तू दिसते, होण्याची क्रिया दिसत नाही. भिंतीवरचा चौक मी पाहिला होता. तो काढताना म्हटलेलं गाणं मी ऐकलं नव्हतं. ज्याला मी संपूर्ण चित्र समजत होते ते अर्धंच होतं.

म्हणून 'चोरी' हा शब्द मला बरोबर वाटत नाही, आणि 'प्रेरणा' तर मुळीच पुरेसा वाटत नाही. प्रेरणा म्हटलं की सगळं आपल्या आत घडलं असं होतं. देणारा कोणी उरतच नाही. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे: ऋण. परंपरेनं माणसावर तीन ऋणं सांगितली आहेत, देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. त्यातलं ऋषिऋण मला इथं कामाचं वाटतं, कारण ते पैशानं किंवा संततीनं फिटत नाही. ते फिटतं अध्ययनानं. ज्यांनी ज्ञान दिलं त्यांचं देणं ते ज्ञान नीट समजून घेऊन द्यायचं. चोरीचा आरोप टाळता येतो. ऋण टाळता येत नाही. ते फक्त मान्य करायचं किंवा नाकारायचं असतं.

ऋण मानलं की व्हॅन गॉगचंही उदाहरण वेगळं दिसतं. त्यानं नकला केल्या त्या शिकण्यासाठी. त्यातून पुढं जे आलं ते त्याचं स्वतःचं होतं. २००३ साली रिचर्ड लाँग हा इंग्रज कलाकार वारल्यांच्या मुलुखात आला. चालणं, दगडांची वर्तुळं, माती हे त्याचं माध्यम. इथं येऊन तो त्रिकोणी माणसं काढायला लागला नाही. त्यानं त्याचं काम केलं, आणि त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्याची आणि जिव्या म्हसे यांची कामं एकत्र मांडली गेली, दोघांच्या नावानं. त्या मांडणीत दोघांची पुढं किती बरोबरी झाली हा प्रश्न विचारता येईल. जगाच्या बाजारात तशी ती होत नाही. पण शेजारी बसणं आणि कोणाच्या जागेवर बसणं यात फरक आहे, एवढं त्यातून मला कळतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला स्वतःलाच छळतो. एवढा विचार करून कोणी काम करू शकेल का? सुचण्याची गोष्ट मुळात बेसावध असते. जे डोळ्यांत भरलं ते हातातून येणारच. प्रत्येक रेषेची पावती कुठून आणायची? खरं आहे. पाहण्यावर पहारा बसवता येत नाही, बसवूही नये. वही उघडून चौक उतरवून घेतला याची मला आजही लाज वाटत नाही. पण वहीतून पत्रिकेपर्यंत महिना गेला होता. त्या महिन्यात मी कागद निवडला, शाई निवडली, अंदाजपत्रक दिलं, दोनदा दुरुस्त्या केल्या. म्हणजे शुद्धीवर होते. सुचणं बेसावध असेल, विकणं नसतं. तिथं थांबून विचारायला वेळ असतो.

पुढच्या हंगामात मावशींच्या नात्यातल्या एका लग्नाला मी गेले. वही नेली नाही. बायका पिठात बोटं आणि काड्या बुडवून भिंतीशी बसल्या होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या रेषा दुरुस्त करत होत्या. "चौक लिहायला बसलो," असं त्यातली एक म्हणाली. जुन्या मराठीतही चित्र लिहीतच असत. धवलेरीचं गाणं मला निम्मंसुद्धा कळलं नाही. पण चौक हा आकार नसून प्रसंग आहे, हे मात्र कळलं.

गेल्या वर्षी पुन्हा एक 'वारली पत्रिका' मागणारं गिऱ्हाईक आलं. मी त्या भागातल्या एका तरुण चित्रकाराचं नाव सुचवलं, म्हटलं, अक्षरं मी करीन, चित्र त्यांचं. मुदत आठवड्यानं वाढली, माझा मोबदला निम्म्यावर आला. त्यानं तारप्याचा नाच काढला; तारपा वाजवणारा मध्ये आणि भोवती गोलाकार फेर. गिऱ्हाइकाला चौक हवा होता. मी विचारून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, चौक लग्नघरात. कार्डावर नाच चालेल."

हा काही नियम नाही. त्याच्याच शेजारच्या पाड्यावरचे चित्रकार कॅनव्हासवर चौक काढून विकतात, आणि तो त्यांचा निर्णय आहे; त्यांना शिकवणारी मी कोण? उद्या हाच मुलगा कार्डावर चौक काढायला तयार होईल, तेव्हाही मला बोलता येणार नाही. मात्र देवी असावी की नसावी हे ज्यानं ठरवायचं तो त्या वेळी खोलीत होता, आणि त्याचं नाव पत्रिकेच्या मागं छापलं गेलं.

त्या पहिल्या सहाशे पत्रिकांपैकी एक माझ्याकडे आहे. ती मी फाडलेली नाही, कारण काम वाईट नव्हतं. रेषा आजही चांगल्या वाटतात. टेबलासमोरच्या फळीवर ती उभी असते. नवं काम घेताना नजर तिच्या मधोमध जाते, आणि मावशी वाकून शोधताना दिसतात.