शेवटच्या बारा जणांचं फॅट

तिचा कॅमेरा नेहमी बंद असायचा. बी.बी.ए.च्या मुलांना मी 'व्यवस्थापन माहिती प्रणाली'ची तोंडओळख ऑनलाइन शिकवते. तास संध्याकाळी साडेसहाचा, कारण दिवसा निम्मी मुलं कुठे ना कुठे कामाला असतात. त्या दिवशी पडद्यावर नेहमीचा त्रिकोण होता. तळाशी रोजचे व्यवहार, मध्ये नियंत्रण, टोकाला धोरण. "तळाशी डेटा गोळा होतो," असं म्हणून मी पुढे सरकणार, तेवढ्यात तिने माइक सुरू केला. "मॅडम, होतो म्हणजे? आमच्याकडे तर मी करते."

मग कॅमेराही सुरू झाला. गावातलं दूध संकलन केंद्र. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा, शेजारी फॅट काढायचं यंत्र, दारापर्यंत किटल्यांची रांग. ती उत्पादकाचा नंबर टाकत होती, काट्यावरून लिटर येत होते, यंत्राच्या नळीखाली नमुन्याची वाटी धरली की फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅटखेरीजचे घन पदार्थ, उमटत होतं, त्यावरून भाव निघत होता आणि पावती बाहेर येत होती. एका माणसाला मिनिटभरसुद्धा नाही. वर्गातल्या कुणीतरी विचारलं, "लाइट गेली तर?" ती म्हणाली, "इन्व्हर्टर आहे. तोही उतरला, तर लिटर वहीत लिहून घेते. फॅटचं मात्र अवघड होतं. शेवटचे दहा-बारा जण राहिले असले, तर त्यांचं कालचंच टाकते. अंधारात किती वेळ उभं करायचं त्यांना?" आणि मग अगदी सरळ मनाने तिने विचारलं, "मॅडम, तोही डेटाच ना?"

हा विषय मी चौदा वर्षं शिकवते आहे. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं.

त्या रात्री मी आमचं क्रमिक पुस्तक पुन्हा उघडलं. डेटा गोळा होतो, साठवला जातो, त्यावर प्रक्रिया होते, त्याची माहिती बनते. पानामागून पान, आणि एकाही वाक्यात करणारा नाही. आपल्या भाषेत 'होतो' म्हटलं की करणारा सहज अदृश्य होतो. शाळेत व्याकरण शिकताना मला हे निरुपद्रवी वाटलं होतं. पण एका अख्ख्या विषयाची पहिली ओळखच अशा वाक्यांनी होत असेल, तर मुलांच्या मनात काय ठसतं? आकडे पावसासारखे वरून पडतात, आपलं काम ते साठवण्याचं, एवढंच.

तो त्रिकोण रॉबर्ट अँथनी यांच्या 1965 सालच्या मांडणीवरून आला. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, रसेल अ‍ॅकॉफ यांनी या प्रणालींवर कडक टीका करणारा लेख लिहिला आणि शीर्षकातच 'इन्फर्मेशन'च्या जागी 'मिसइन्फर्मेशन' हा शब्द घातला. व्यवस्थापकांना माहितीचा तुटवडा नसतो, निरुपयोगी माहितीच्या लोंढ्याने ते बेजार असतात, असं त्यांचं म्हणणं. मला हा लेख फार मोलाचा वाटतो आणि मी तो वर्गात दरवर्षी सांगते. पण त्यातलं दुखणं त्रिकोणाच्या टोकाला बसलेल्यांचं आहे. माझी विद्यार्थिनी तळाशी बसते. तिचं दुखणं वेगळं आहे, आणि माझ्या मते विषयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आपल्याकडे पूर्वी नोंद करणाऱ्याला नाव होतं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार ही आडनावं होण्याआधी हुद्दे होते. कुणी हिशेब लिहायचा, कुणी पत्रव्यवहार सांभाळायचा, आणि ते काम त्या घराला पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिलं. रोजकीर्द, खतावणी, आवक-जावक बारनिशी हे शब्द आजही कचेऱ्यांत आणि पेढ्यांत कानावर पडतात. ते दिवस चांगले होते असं मला म्हणायचं नाही. लेखणी थोड्या जातींच्या हाती होती आणि तिने पुष्कळांचं नुकसानही केलं. पण नोंद खोटी निघाली तर कुणाच्या दारात जायचं, हे गावाला ठाऊक असे.

सातबाराचं उदाहरण घ्या. हाताने लिहिलेले उतारे संगणकावर चढवताना नावं चुकली, क्षेत्रं चुकली. माझ्याच वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांच्या जमिनीचे आकडे टंकताना उलटे पडले आणि एक्याऐंशी गुंठ्यांचे अठरा झाले. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम 155 आहे. त्याखाली अर्ज करून त्यांना हेलपाटे घालावे लागले. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, ही खरोखरच मोठी सोय झाली. पण स्वाक्षरी सांगते की उतारा अधिकृत आहे. टंकणाऱ्याची नजर त्या दिवशी कुठे चुकली, हे तिला ठाऊक नसतं.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. बाराच्या रकान्यातली पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर, फोटोसकट करायची. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा मोठाच बदल आहे, कारण लेखणी तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे आली. पाठ्यपुस्तकात याला एक प्रकरण मिळायला हवं. माझ्या वर्गातली चार-पाच मुलं आपापल्या भावकीची पाहणी करून देतात, कारण म्हाताऱ्यांना अ‍ॅप जमत नाही. बांधावर हरभरा आणि मधे गहू असला तर काय टाकायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. ते आपसांत ठरवतात. सरकारी तक्त्याचा एक बारीक कोपरा असा एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या समजुतीवर उभा असतो.

हे सगळं क्षुल्लक वाटत असेल, तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं काय झालं ते पाहावं. तिथल्या होरायझन नावाच्या संगणक प्रणालीने शाखांच्या हिशेबात तूट दाखवली. शाखा चालवणारी माणसं सांगत होती की पैसे आम्ही घेतलेले नाहीत. विश्वास आकड्यावर ठेवला गेला. 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरंदारं गेली. प्रणालीतच दोष होते हे न्यायालयात सिद्ध व्हायला 2019 साल उजाडलं. तळाशी बसलेल्या माणसाला वाक्यातून वगळलं की असं होतं.

ऑनलाइन वर्ग म्हणजे खऱ्या वर्गाची दुधाची तहान ताकावर, असं आम्ही शिक्षक म्हणत आलो. रसायनशास्त्राला ते लागू असेल. या विषयापुरतं मी माझं मत बदललं आहे. माझ्या चौतीस मुलांपैकी कुणी मेडिकलच्या काउंटरवर बसून तास ऐकतं, कुणी पतसंस्थेत, कुणी मामाच्या खताच्या दुकानात. महाविद्यालयाच्या खोलीत बसवलं असतं, तर ही सगळी ठिकाणं मी बाहेर ठेवली असती. आता ती माझ्या पडद्यावर आहेत. तरीही आमचा अभ्यासक्रम त्यांना चार पर्यायांतून त्रिकोणाचा मधला थर ओळखायला लावतो, आणि दहापैकी आठ गुण मिळाले की विषय समजला असं धरतो. याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून गेल्या सत्रापासून प्रकल्प बदलला. प्रत्येकाने आपल्या रोजच्या बघण्यातली एकच नोंद धरायची आणि ती जिथे पहिल्यांदा लिहिली जाते तिथपर्यंत मागे जायचं. कोण लिहितं, कशावरून लिहितं, घाईत काय सोडून देतं, चूक झाली तर पैसे कुणाच्या खिशातून जातात? मेडिकलवाल्या मुलाने लिहिलं की बिलात ग्राहकाचा फोन नंबर सक्तीचा केल्यापासून त्याच्या दुकानात शंभरेक माणसांचा नंबर एकच आहे, मालकाचा.

आणि दूध केंद्रावरच्या त्या मुलीने आपल्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. लिटरच्या रकान्यापुढे तिने पट्टीने एक नवा रकाना आखला होता. मोजलेल्या फॅटपुढे 'मो', कालच्यावरून टाकलेल्यापुढे 'अं', म्हणजे अंदाज. त्या पानावर 'अं' अकरा होते. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी जागा नाही, म्हणून ते फक्त वहीत राहतं, असं तिने खाली लिहिलं होतं. केंद्राच्या सचिवांनी ते पान पाहिलं, आणि पुढच्या वेळी लाइट गेल्यावर उरलेल्या जणांचे नमुने बाटल्यांत भरून, नंबर चिकटवून ठेवायला सांगितलं. बाटल्या ती घरून घेऊन गेली.