राजीनाम्यावरील सही

माणूस 'अतिरिक्त' ठरू शकतो काय? गोदामातील माल अतिरिक्त असतो, यंत्राचा सुटा भाग अतिरिक्त असतो. परंतु पंधरा-वीस वर्षे एका संस्थेत राबलेल्या माणसाला हे विशेषण लावताना आपल्या मनाला काही बोचावयास हवे की नको?

जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या सहा लाखांवर कर्मचाऱ्यांपैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांतील बहुतेक मधल्या व वरच्या श्रेणींतील होती. त्याच वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत कंपनीचा निव्वळ नफा १२ हजार कोटी रुपयांहून अधिक होता.

नोकरकपात म्हणजे पाप, असा सरसकट निवाडा करणे सोपे आहे. पण तो न्याय्य नव्हे. या उद्योगाचे बरेचसे काम परदेशी ग्राहकांकडून येते. ग्राहकाने हात आखडता घेतला की माणसे 'बेंच'वर बसतात. काळाप्रमाणे न बदलणारी कंपनी बुडाली, तर सर्वांनाच घेऊन बुडेल. म्हणून कपात करावी की नाही, एवढाच प्रश्न नाही. ती कशी करावी आणि तिचा भार कोणी सोसावा, हा खरा प्रश्न आहे.

आपला कामगार कायदा घडला तो गिरणी-कारखाना डोळ्यांपुढे ठेवून. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कपातीपूर्वी नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई ठरवून दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद राहिली. परंतु व्यवस्थापकीय काम करणारा मनुष्य 'कामगार' या व्याख्येत बसत नाही. शिवाय, राजीनामा दिला की ती कपातच ठरत नाही! म्हणूनच बंद खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेतल्याच्या तक्रारी या क्षेत्रातून वारंवार ऐकू येतात.

माझ्या मते नैतिक पेच इथेच आहे. नोकरी काढून घेणे हा एक आघात. पण 'मी स्वेच्छेने जात आहे' असे त्याच माणसाच्या हातून लिहवून घेणे हा त्याहून खोल आघात होय. आठवी आज्ञा खोटी साक्ष निषिद्ध मानते. येथे तर माणसाला स्वतःविरुद्धच खोटी साक्ष द्यावयास लावले जाते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकाद्वारे कामगारांच्या हक्कांची बाजू मांडली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्सेन्स'मध्ये श्रमाला भांडवलाहून अग्रक्रम दिला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले, हे सांगताना कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमप्रतिष्ठेपुढे उभ्या राहिलेल्या आव्हानाचाच उल्लेख केला.

जॉन पॉल यांच्या त्या परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक संकल्पना आहे. कामाच्या अटी केवळ समोरचा मालक ठरवीत नाही; पडद्याआडचे अनेक घटकही त्या ठरवितात. हा धागा पुढे नेला तर तो आपल्या घरापर्यंत येतो. आपली बचत शेअर बाजारात असते आणि कपातीच्या बातमीने भाव चढला की आपणही सुखावतो. नावांची यादी करणारा अधिकारी आणि त्या यादीतला माणूस रविवारी एकाच बाकावर मिस्सा ऐकत असतात. त्या अधिकाऱ्याला यादी टाळता येणार नाही कदाचित. पण खरे कारण सांगणे, पुरेसा अवधी मागणे, खोटा राजीनामा लिहून न घेणे, एवढे धैर्य तो दाखवू शकतो.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सायंकाळी पाच वाजताही काही माणसे बाजारात उभी होती. आळस म्हणून नव्हे, तर कोणी कामावर लावले नाही म्हणून. धन्याने त्यांना पूर्ण दिवसाची मजुरी दिली. हा दाखला देवाच्या औदार्याचा आहे, वेतनाचे कोष्टक नव्हे, हे खरे. तरीही काम हुकले म्हणून माणसाचे मोल घटत नाही, हे त्यातून उमगते.

आपल्या धर्मग्रामातही असा कोणी मिस्सा संपताच मागच्या दाराने निघून जात असेल. 'हल्ली कुठे असतोस?' या प्रश्नाची त्याला धास्ती वाटते. त्याला गाठावे आणि नोकरीची चौकशी न करता घरी जेवायला बोलवावे. ज्याला बाजाराने अतिरिक्त ठरविले, त्याच्यासाठी आपल्या पंगतीत तरी जागा असली पाहिजे.