अवयवी आणि सुटे भाग : डोंगरी सायकलीच्या निमित्ताने

एखाद्या वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले तर शेवटी हाती उरते ती तीच वस्तू असते की दुसरीच, हा प्रश्न भारतीय आणि ग्रीक अशा दोन्ही परंपरांत जुना आहे. मात्र तो ज्या वस्तूंच्या आधारे मांडला गेला, म्हणजे रथ, जहाज आणि वस्त्र, त्यांची बांधणी आजच्या वाचकाच्या हाताखालून सहसा जात नाही, आणि न हाताळलेल्या वस्तूविषयीचा वाद शब्दांतच फिरत राहतो. बेळगाव, खानापूर, चंदगड आणि निपाणी या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात डोंगरी सायकल ही त्या प्रश्नासाठी अधिक सोयीची वस्तू आहे. जाड नक्षीदार टायर, पुढच्या चिमट्यात धक्के झेलणारे सस्पेन्शन आणि चाकाच्या मध्याशी चकतीचे ब्रेक अशी रचना असलेली ही सायकल खडकाळ पायवाटांसाठी बांधलेली असते, दर पावसाळ्यात तिचे काही ना काही भाग झिजून बदलावे लागतात, आणि आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, तीच सायकल धुऊन-पुसून झेंडूच्या माळेखाली पूजेला उभी राहते. त्यामुळे येथे प्रश्न दुहेरी होतो : भाग बदलूनही सायकल तीच राहते काय, आणि राहत असल्यास पूजा नेमकी कशाची होते?

बेळगावचा सायकलीशी असलेला संबंध बराच मागे जातो. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असताना तेथून सायकली बेळगावला पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत. किर्लोस्कर उद्योगाचे स्थापनावर्ष म्हणून १८८८ हे जे साल दिले जाते ते याच दुकानाचे आहे. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नांगराला झालेला विरोध अधिक बोलका आहे : लोखंड जमिनीत घातल्याने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि तिच्यामुळे सुरुवातीला नांगर विकले जाईनात. ही समजूत रसायनशास्त्राच्या कसोटीवर चुकीची होती. तरीही अवजार ज्या पदार्थाला भिडते त्यापासून ते अलिप्त राहत नाही, दोघेही एकमेकांना घडवतात किंवा बिघडवतात, हे जे भान तिच्या मुळाशी होते ते सर्वस्वी टाकाऊ म्हणता येत नाही.

डोंगरी सायकल हा प्रकारच मुळात जुन्या देहात नवे अवयव बसवून जन्माला आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात १९७० च्या दशकात काही तरुणांनी १९३०-४० च्या दशकांतील जाड टायरच्या जुन्या सायकलींचे सांगाडे गोळा केले आणि त्यांना गिअर व अधिक ताकदीचे ब्रेक जोडून त्या टॅमल्पाइस डोंगराच्या उतारांवर उतरवल्या. १९७६ मध्ये त्याच परगण्यात सुरू झालेल्या एका उतारशर्यतीचे ‘रिपॅक’ हे नाव तर दुरुस्तीवरूनच पडले, कारण खाली पोहोचेपर्यंत मागच्या हबमधील पायडल-ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. या तरुणांपैकी जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये केवळ डोंगरासाठी नव्याने सांगाडा घडवला. म्हणजे सुटे भाग आधी आले आणि ज्याला ‘संपूर्ण वस्तू’ म्हणावे ते नंतर.

भारतीय विचारात या प्रश्नाची सर्वांत प्रसिद्ध मांडणी ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात आढळते. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद रथात बसून आल्याचे सांगतो, तेव्हा भिक्षू नागसेन त्याला विचारतो की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय; प्रत्येक प्रश्नाला नकार मिळतो आणि अखेर राजाच कबूल करतो की या सर्व भागांवर अवलंबून असलेले ‘रथ’ हे एक व्यवहारापुरते नाव आहे. याच्या उलट नैयायिकांचे, म्हणजे तर्क आणि प्रमाणे यांना पायाभूत मानणाऱ्या न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, म्हणणे असे की अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ नावाचा खरा पदार्थ असतो आणि तो आपल्या अवयवांत ‘समवाय’ या अतूट संबंधाने राहतो. न्यायसूत्रांत यासाठी दिलेले एक कारण सायकलवाल्याला तत्काळ पटेल असे आहे : वस्तूचा एक भाग धरला की सगळी वस्तू धरली जाते आणि एक भाग ओढला की सगळी ओढली जाते, जे धान्याच्या राशीच्या बाबतीत घडत नाही. हँडल धरून सायकल उचलली असता मागचे चाकही उचलले जाते, आणि तेच भाग पोत्यात भरले तर हँडल धरल्याने केवळ हँडल हाती येते.

न्यायाशी जवळीक असलेल्या वैशेषिक दर्शनाचे अनुयायी, म्हणजे वैशेषिक, मात्र एक पाऊल पुढे जातात. त्यांच्या मते वस्त्रातील काही धागे काढले की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे ‘खंडपट’ नावाचे नवे वस्त्र उत्पन्न होते. हा नियम काटेकोरपणे लावल्यास ब्रेकचे पॅड बदलणारा मनुष्य दर वेळी नवी सायकल घेऊन घरी जातो असे मानावे लागेल. हे हास्यास्पद वाटले तरी त्यामागील कारणमीमांसा दुर्लक्षण्याजोगी नाही, कारण वैशेषिकांनी धाग्यांना वस्त्राचे समवायी कारण म्हटले आणि धाग्यांच्या परस्पर संयोगाला निराळे, म्हणजे असमवायी, कारण मानले. सामग्री एक आणि जुळणी दुसरी, हा भेद त्यांनी केला. तो सायकलीवर कसून पाहिला तर नागसेनाच्या युक्तिवादातील उणीवही दिसते आणि नैयायिकांच्या उत्तराची मर्यादाही.

याचे उत्तम उदाहरण चेन आणि मागच्या दात्यांचा संच, म्हणजे कॅसेट, यांच्या झिजेत मिळते. सायकलीच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते, त्यामुळे नव्या चेनचे २४ दुवे बरोबर १२ इंच भरतात. वापराने हे माप वाढते आणि लोक ‘चेन ताणली’ असे म्हणतात. वास्तविक पत्र्या ताणल्या जात नाहीत, तर पिना आणि त्यांभोवतीचे जोड झिजून प्रत्येक दुव्यात सूक्ष्म ढिलाई येते आणि ती बेरजेने मापात उतरते. अकरा-बारा गिअरच्या यंत्रणेत ही वाढ ०.५ टक्क्यांवर पोहोचली की चेन बदलावी, असा कारागिरांचा दंडक आहे. तो न पाळल्यास लांबलेली चेन कॅसेटच्या दात्यांनाही आपल्या मापाने कोरत जाते, आणि मग दोघी एकमेकींशी इतक्या जुळतात की जुनी चेन जुन्या कॅसेटवर विनातक्रार चालते, पण नवी, निर्दोष चेन बसवली तर ती चढावर दात्यांवरून उड्या मारते. झीज भागांत मोजता येते, पण ही उडी मारण्याचा दोष एकट्या कोणत्याही भागात दाखवता येत नाही. बिघाड आहे तो संबंधात. ‘सायकल’ हे केवळ नाव असते तर नावाखालचा एक झिजलेला भाग काढून त्याहून चांगला भाग घातल्याने यंत्र बिघडण्याचे कारण नव्हते. आणि अवयवी हा अवयवांत एकदाच वास करणारा स्थिर पदार्थ असता तर त्याला मिलिमीटरच्या अंशाअंशाने घडता आले नसते. भागांनी परस्परांवर उमटवलेली ही खूण ‘संस्कार’ या शब्दाच्या जितकी जवळ जाते तितकी ‘संयोग’ या शब्दाच्या जात नाही.

जुळणीत माणूसही येतो. पुढच्या सस्पेन्शनमध्ये हवा भरताना ‘सॅग’ मोजला जातो, म्हणजे स्वार नुसता सायकलीवर उभा राहिला असता चिमटा आपल्या एकूण चालीपैकी किती दबतो ते पाहिले जाते, आणि पायवाटेच्या सायकलीसाठी तो साधारण २० ते ३० टक्के ठेवला जातो. स्वाराशिवाय हे माप घेताच येत नाही : ६० किलोच्या स्वारासाठी लावलेली सायकल ८५ किलोच्या स्वाराखाली वेगळी वागते, तिचे डोके खाली जाते, ती खड्ड्यात तळ गाठते. कठोपनिषदातील रूपकात आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे अशी कामांची वाटणी आहे. सायकलीवर ती वाटणी मोडते, कारण तेथे रथीच घोडा असतो आणि त्याचे वजनही रथाच्या मापात धरलेले असते.

माती ही या जुळणीतील तिसरी बाजू होय. जांबोटी-कणकुंबीकडील जांभ्या दगडाची लाल माती पावसात पातळ होऊन धार लावण्याच्या लगद्यासारखी चेनमध्ये शिरते, तर निपाणीकडील काळी चिकण माती टायरच्या नक्षीत घट्ट बसून चाक चिमट्यात अडकवते. त्यामुळे पहिल्या वाटेसाठी ओल्या हवेचे घट्ट तेल आणि वारंवार सफाई लागते, आणि दुसऱ्या वाटेसाठी विरळ उंचवट्यांचा, किंचित अरुंद टायर अधिक शहाणपणाचा ठरतो. रुंद टायर सर्वत्र उत्तम असे मानणारा ग्राहक काळ्या रानात सायकल खांद्यावर घेऊन परततो. एका दुकानात उत्तम ठरलेला भाग दुसऱ्या तालुक्यात उत्तम राहत नाही, याचे कारण ‘उत्तम’ हा भागाचा गुण नसून नात्याचा आहे, आणि सुटे भाग निवडण्याचे सारे कौशल्य हे ओळखण्यात आहे.

ब्रेकच्या बाबतीत हे नाते जवळजवळ कर्मकांडाइतके काटेकोर होते. रेझिनचे पॅड शांत असतात पण ओल्या रेतीत भराभर झिजतात. धातूची भुकटी दाबून व तापवून घडवलेले पॅड टिकतात, मात्र आवाज करतात. नवे पॅड घातल्यावर वेग घेऊन पुन्हा पुन्हा हळू होत त्यांना ‘बसू’ द्यावे लागते, कारण पॅडच्या द्रव्याचा पातळ थर चकतीवर चढल्यानंतरच खरी पकड येते. काही ब्रेकांत खनिज तेल असते आणि काहींत डॉट या वर्गातील द्रव. एकाच्या जागी दुसरा घातल्यास आतले रबरी सील बिघडतात. तेलकट बोट चकतीला लागले तरी ब्रेक निसटतो. विटाळ हा शब्द शब्दशः खरा ठरण्याची ही बहुधा एकमेव जागा असावी, आणि येथे त्याला दाखवता येण्याजोगे कारण आहे व स्पिरिटने पुसण्याचा उपायही आहे. ज्या निपाणीत १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली, त्या परिसरात माणसांना लावल्या गेलेल्या विटाळाला यांपैकी कशाचाच आधार नव्हता.

आता पूजेचा प्रश्न घेता येतो. मंदिरातील मूर्ती जीर्ण झाली की आगमांच्या विधीनुसार ‘कलाकर्षण’ करून तिच्यातील देवत्व कलशात घेतले जाते, दुरुस्ती किंवा बदल झाल्यावर ते पुन्हा मूर्तीत स्थापिले जाते, आणि अशा रीतीने सामग्री बदलली तरी देव तोच राहतो अशी व्यवस्था लावलेली असते. खंडेनवमीला, जिला याच भागातील कन्नड भाषक आयुधपूजा म्हणतात, अशी कोणतीही व्यवस्था नाही. गेल्या वर्षी कुंकू लावलेला टायर वर्षभरात भंगारात गेला तरी कुणी प्रायश्चित्त घेत नाही. याचा अर्थ पूजा निष्काळजी आहे असा होत नाही. अवजारात प्राणप्रतिष्ठा झालेलीच नसते, म्हणून सुरक्षित हलवावे असे त्यात काही नसते, आणि जे नाते पूजिले जाते ते वर्षभर झिजलेले असल्यामुळे पूजाही दरवर्षी नव्याने करावी लागते. धुणे, पुसणे, छर्रे काढून ग्रीस भरणे आणि चाकाचा आऊट काढणे ही कामे पूजेची तयारी मानली जातात, परंतु विधीचा आशय पाहता ती पूजेचाच पूर्वार्ध ठरतात. कुंकू सांगाड्याला लावावे, चकतीला लावू नये, एवढे तरी पूजकाला ठाऊक असावे लागते.

या भागापुरते बोलायचे तर कामालाच उपासना मानणाऱ्या दोन परंपरा येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात. अरणच्या संत सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला हे वारकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि बाराव्या शतकातील शरणांनी, म्हणजे लिंगायत संतांनी, उपजीविकेच्या प्रामाणिक श्रमाला ‘कायक’ म्हणून ईश्वरप्राप्तीचे साधन मानले हे लिंगायताला सांगावे लागत नाही. परंतु प्रस्तुत प्रश्नाला अधिक उपयोगी पडतो तो त्या शरणांचे अग्रणी बसवण्णा यांनी केलेला स्थावर आणि जंगम हा भेद : दगडाचे उभे मंदिर पडते, चालता देह हेच मंदिर, आणि जे चालते ते टिकते, असा त्याचा आशय आहे. सर्वसाधारण समजूत याच्या नेमकी उलटी असते, कारण न हलणारे ते टिकाऊ आणि हलणारे ते नाशिवंत असे मानले जाते. ज्या मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीच्या परिसरात, या सायकली लाल चिखलात फिरतात तीच नदी पुढे कुडलसंगम येथे, बसवण्णांच्या साधनेच्या ठिकाणी, कृष्णेला मिळते, आणि तिच्यातील पाणी कोणत्याही दोन क्षणी तेच नसते. भिंतीला टांगून ठेवलेल्या सायकलीचे सर्व भाग मूळचेच राहतात, पण वर्षभरात टायर चिरतात, सील सुकतात आणि ग्रीस घट्ट होते. चालत्या सायकलीचे भाग जातात आणि जुळणी टिकते. मुंबई राज्यातून १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेलेल्या आणि २०१४ मध्ये अधिकृत नाव बदललेल्या बेळगावच्या रहिवाशांना ‘तेच’ या शब्दाचा हा अर्थ समजावून द्यावा लागू नये.

ग्रीक परंपरेतील थिसियसच्या जहाजाची कथा, जिच्यात कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या जातात, ती ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने नोंदवली. सतराव्या शतकात इंग्रज तत्त्ववेत्ता थॉमस हॉब्ज याने तिला अशी पुस्ती जोडली की काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्यांचे त्याच क्रमाने दुसरे जहाज बांधले तर खरे जहाज कोणते? ही कल्पना सायकलीच्या दुकानात रोजच्या व्यवहाराचा भाग आहे, कारण तेथे काढलेली चेन, तिच्याशी जुळलेली कॅसेट आणि जुना चिमटा फेकले जात नाहीत, एखाद्या सांगाड्यावर चढतात आणि कमी पैशांत सायकल हवी असलेल्या विद्यार्थ्याकडे जातात. हॉब्जच्या दोन जहाजांपैकी एकच खरे असावे हा आग्रह मालकीच्या खटल्यात उपयोगी पडेल. खंडेनवमीला अशा दोन्ही सायकली एकाच दुकानापुढे उभ्या राहतात तेव्हा दोघींच्या चाकांखाली वेगवेगळे लिंबू ठेवले जाते आणि दुसरीची जुनी चेन तिच्या जुन्या दात्यांवर एकही उडी न मारता फिरते.